पंचनाम्यात न सापडणारी माती

पूर ओसरला की पंचनामे सुरू होतात. महसूल व कृषी खात्यांचे कर्मचारी शिवारात येतात. किती हेक्टर कापूस गेला, किती सोयाबीन सडले, किती घरे पडली आणि किती जनावरे वाहून गेली याच्या याद्या होतात. त्या याद्या तालुक्याला, तालुक्याहून जिल्ह्याला आणि जिल्ह्याहून मुंबईला जातात. काही आठवड्यांनी मदतीचा आकडा जाहीर होतो. सत्ताधारी तो विक्रमी असल्याचे सांगतात, विरोधक तो अपुरा असल्याचे सांगतात, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत विषय मिटतो. या साऱ्या खटाटोपात एका नुकसानीची नोंद मात्र अपवादानेच होते. ते नुकसान म्हणजे मातीचे. पीक एका हंगामाचे असते. ते बुडाले तर हालअपेष्टा सोसून का होईना, पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येते. परंतु ज्या मातीत पेरायचे तीच वाहून गेली तर शेतकऱ्याचे नेमके काय बुडाले, आणि ते कोणाच्या पदरात जाऊन पडले, हा प्रश्न आपल्या राजकारणात विचारला जात नाही. तो विचारला गेला पाहिजे, कारण तो केवळ भूगोलाचा नसून वाटपाचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यास यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातील ढाणकीचा परिसर घेता येईल. ढाणकी पैनगंगेच्या खोऱ्यात आहे. ही नदी बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते; वाशीम, हिंगोली, नांदेड व यवतमाळ या जिल्ह्यांच्या सीमा आखत पूर्वेकडे वाहते; पुढे चंद्रपूर जिल्ह्यात वढा येथे वर्धेला मिळते. वर्धा व वैनगंगा यांची मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत विलीन होते. म्हणजे ढाणकीच्या नाल्यात उतरलेला मातीचा कण, वाटेत अडला नाही तर, बंगालच्या उपसागरापर्यंत जातो. ढाणकीच्या वरच्या अंगाला पैनगंगेवर इसापूरचे मोठे धरण आहे. खालच्या अंगाला सहस्रकुंडाचा धबधबा आहे. तालुक्याच्या ज्या भागाला लोक ‘बंदी भाग’ म्हणतात तो पैनगंगा अभयारण्याचा जंगलपट्टा लागूनच आहे. डोंगर, जंगल, उताराची वावरे, काळीचे सपाट शिवार, धरण आणि नदी असे खोऱ्याचे सर्व घटक या परिसरात पाहावयास मिळतात.

नदी माती कशी वाहून नेते हे प्रथम समजून घेतले पाहिजे. नदीतील गाळ ढोबळमानाने तीन रीतींनी प्रवास करतो. गोटे, खडी आणि जाड रेती तळाशी घरंगळत, उड्या मारीत पुढे सरकते. बारीक रेती आणि पोयटा पाण्याच्या खळबळीमुळे अधांतरी राहतो. खळबळ मंदावली की तो खाली बसतो. तिसरा प्रकार चिकणमातीच्या अतिसूक्ष्म कणांचा. हे कण दोन सहस्रांश मिलिमीटरांहूनही लहान असतात आणि एकदा पाण्यात मिसळले की पाणी जेथवर जाईल तेथवर जातात. दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन बनलेल्या आमच्या काळ्या जमिनीत या सूक्ष्म कणांचे प्रमाण फार मोठे असते. तीच तिची सुपीकता. ओल धरून ठेवण्याचे आणि खत-अन्नद्रव्ये धरून ठेवण्याचे काम तेच कण करतात. याचा अर्थ असा की शेतातून जे सर्वांत आधी निघून जाते आणि सर्वांत दूर जाते तेच शेतकऱ्याच्या सर्वांत अधिक उपयोगाचे असते. मागे राहते ती भरड, मुरूम आणि गोटे.

आता पुराचे काम पाहू. वर्षभर नदी थोडी थोडी माती नेते आणि पुरात त्याहून काहीशी अधिक नेते, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती खरी नाही. प्रवाह दुप्पट झाला म्हणजे त्याने वाहून नेलेला गाळ दुप्पट होतो असे नव्हे. बहुतेक नद्यांच्या मोजणीत तो चौपट किंवा त्याहूनही अधिक झालेला आढळतो. कारण पाणी वाढते तसा त्याचा वेग वाढतो, वेग वाढला की पूर्वी न हलणारे कण हलू लागतात, आणि काठ ढासळून पात्रात पडतात. मोसमी पावसाच्या नद्यांत तर वर्षाचा जवळजवळ सगळा गाळ पावसाळ्याच्या महिन्यांत वाहतो, आणि त्या महिन्यांतही त्याचा फार मोठा वाटा थोड्याशा महापुराच्या दिवसांत वाहून जातो. म्हणून सरासरी हा येथे फसवा मार्गदर्शक आहे. दहा वर्षांच्या सरासरीवर धरणाचे आयुष्य ठरविणारा अभियंता आणि दहा वर्षांच्या सरासरीवर मदतीचे धोरण आखणारा सचिव या दोघांचाही हिशेब एखाद्या आठवड्याच्या पुराने चुकू शकतो.

पुराचा काळही महत्त्वाचा. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला हातभर खोल भेगा पडतात. पहिला पाऊस त्या भेगांत मुरतो. मात्र माती एकदा फुगली आणि भेगा मिटल्या की पाणी आत शिरण्याची वाट जवळजवळ बंद होते आणि पुढचा मोठा पाऊस पृष्ठभागावरून धावत सुटतो. त्या वेळी शेतात पेरणी झालेली असते, पण पऱ्हाटी अजून वीतभरही झालेली नसते. जमीन उघडी असते आणि वखरणी-डवरणीने मोकळी झालेली असते. अशा जून-जुलैच्या पावसाने जितकी माती जाते तितकी पिकाने जमीन झाकल्यावर पडणाऱ्या तेवढ्याच पावसाने जात नाही. पुराचे पाणी चढत असताना जितके गढूळ असते तितके ते ओसरताना पुष्कळदा नसते, हेही याच कारणाने. हाताशी असलेली सुटी माती पहिल्याच लोंढ्यात निघून गेलेली असते.

तथापि शेतातून सुटलेला प्रत्येक कण समुद्राला मिळतो असे मानण्याचे कारण नाही. डॉ. ध्रुवनारायण आणि रामबाबू यांनी १९८३ साली देशभराचा जो अंदाज मांडला तो आजही आधारभूत मानला जातो. त्यानुसार देशात वर्षाला सुमारे ५३३.४ कोटी टन माती आपल्या जागेवरून सुटते. म्हणजे हेक्टरी सरासरी १६.३५ टन. त्यांपैकी शेकडा २९ समुद्राला मिळते, शेकडा १० धरणे-तलावांत साचते आणि उरलेली शेकडा ६१ माती एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी टाकली जाते. या शेवटच्या आकड्याकडे आम्ही कार्यकर्त्यांचे लक्ष वेधू इच्छितो. सुटलेल्या मातीपैकी निम्म्याहून अधिक माती खोऱ्यातच राहते. ती उताराच्या वावरातून निघून खालच्या शेतात, नाल्याच्या पात्रात, नदीच्या डोहात बसते. लहान पूर तिला नाल्यापर्यंत आणतो. महापूर अनेक वर्षांची ही साठवण एका दमात उचलून पुढे ढकलतो. गोदावरीच्या खालच्या भागात ऑगस्ट १९८६ आणि जुलै २०२२ मध्ये जे महापूर आले, ज्यांत भद्राचलम येथे पाण्याची पातळी अनुक्रमे ७५.६ आणि ७१.३ फुटांवर पोहोचली, ते केवळ पाण्याचे पूर नव्हते. वऱ्हाड, मराठवाडा, तेलंगण आणि गडचिरोली येथील मातीचे ते स्थलांतर होते.

आता अर्थशास्त्राकडे वळू. एक हेक्टरवरून एक मिलिमीटर जाडीचा थर गेला तर दहा घनमीटर, म्हणजे सुमारे तेरा टन माती जाते. या हिशेबाने वर दिलेली देशाची सरासरी वर्षाला सव्वा मिलिमीटर भरते. ती डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तिची तक्रार होत नाही. परंतु उताराच्या एखाद्या वावरातून एका पुरात पाच सेंटिमीटर थर खरडला गेला, तर एका हेक्टरमागे पाचशे घनमीटर, म्हणजे साडेसहाशे टन माती गेली. शंभर घनफुटांच्या ब्रासने मोजल्यास हा आकडा पावणेदोनशे ब्रासच्या पुढे जातो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत एक ब्रास धरला तर पावणेदोनशे ट्रॉल्या! एवढी माती कोणी रात्री शेतातून चोरून नेली असती तर पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला असता. पुराने नेली म्हणून तिची गणना नाही.

मदतीचे निकष काय सांगतात ते पाहा. केंद्र सरकारने २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी आपत्ती निवारणाचे जे दर ठरविले, त्यांत कोरडवाहू पिकाच्या नुकसानीस हेक्टरी ८,५०० रुपये होते. शेतात तीन इंचांहून अधिक गाळ वा रेती साचली तर ती काढण्यासाठी हेक्टरी १८,००० रुपये होते. दरड कोसळून वा नदीने पात्र बदलल्याने जमिनीचा मोठा भागच नाहीसा झाला तर हेक्टरी ४७,००० रुपये, तेही महसुली दप्तरात ज्यांची मालकी सिद्ध आहे अशा लहान व सीमांत शेतकऱ्यांना. २०२५ च्या अतिवृष्टीनंतर महाराष्ट्र शासनाने ऑक्टोबरमध्ये ३१,६२८ कोटी रुपयांचे जे साहाय्य जाहीर केले, त्यात खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७,००० रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाख रुपयांपर्यंतची कामे यांचा समावेश केला. वाहून गेलेली माती हे नुकसान आहे एवढे तरी यामुळे मान्य झाले, आणि त्याचे आम्ही स्वागत करतो. परंतु ‘खरडून गेलेली’ म्हणून नोंद होते ती ज्या जमिनीचा खडक उघडा पडला तिची. जिच्या अंगावरून दोन-चार सेंटिमीटरचा कसदार थर सारखा निघून गेला, जिच्यात पीक अजूनही उभे राहते पण एकरी उतारा दर वर्षी घटत जातो, ती जमीन कोणत्याही रकान्यात बसत नाही. आणि अशीच जमीन सर्वांत अधिक आहे.

शिवाय अतिवृष्टी ठरते ती मंडळातील पर्जन्यमापकावर चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस पडला किंवा नाही यावर. माती मात्र चोवीस तासांच्या बेरजेवर जात नाही. ती तासाभराच्या माऱ्यावर जाते. दिवसभर रिपरिप पडलेले सत्तर मिलिमीटर बहुतांशी मुरतात, आणि पाऊण तासात कोसळलेले पन्नास मिलिमीटर धुरा फोडून जातात. पहिल्या प्रसंगी पंचनामा होतो आणि दुसऱ्या प्रसंगी शेतकऱ्यास तहसीलच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. आणि ज्याच्या नावावर सातबाराच नाही त्याने काय करावे? यवतमाळ जिल्ह्यात मक्त्याने, ठोक्याने वा बटईने शेती कसणारे हजारो भूमिहीन आहेत. बी-बियाणे त्यांचे, खत त्यांचे, मजुरी त्यांची. मदत मात्र सातबाऱ्याच्या मालकाच्या खात्यात.

राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब तर याहून विचित्र आहे. शेतातली माती गेली तर त्या वर्षीच्या राष्ट्रीय उत्पन्नातून एक पैसाही वजा होत नाही, कारण माती ही निसर्गाची देणगी समजली जाते. तीच माती धरणात साचली आणि ती उपसण्याचा ठेका एखाद्या कंपनीस दिला, की त्या ठेक्याची रक्कम उत्पन्नात मिळविली जाते. म्हणजे गरिबाचे भांडवल बुडाले तर ते शून्य, आणि बुडालेले भांडवल उपसण्याचे बिल निघाले तर ती प्रगती! भांडवल आणि उत्पन्न यांतील भेद अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकविला जातो. शेतीच्या धोरणात तो विसरला जातो, कारण हे भांडवल ज्यांच्या मालकीचे असते त्यांचा आवाज लहान असतो. कर्ज मात्र पूर्वीच्याच जमिनीवर, पूर्वीच्याच दराने चालू राहते.

शेताच्या खालच्या अंगाला या मातीचे काय होते? ती प्रथम धरणात अडते. नदीचे पाणी जलाशयात शिरताच त्याचा वेग मरतो. जाड रेती जलाशयाच्या तोंडाशीच बसते, पोयटा आत जातो आणि सूक्ष्म कणांचा बराच भाग तळाशी साचतो. धरण बांधताना गाळासाठी तळाचा काही साठा मृत म्हणून सोडला जातो आणि गाळ तेथेच बसेल असे गृहीत धरले जाते. गाळ हे गृहीतक पाळत नाही. तो कालव्याला लागणाऱ्या उपयुक्त साठ्यातही तितक्याच निश्चिंतपणे बसतो. गोदावरीवर तेलंगणातील श्रीरामसागर धरण ११२ टीएमसी क्षमतेचे म्हणून बांधले गेले. १९९४ च्या पाहणीत ती क्षमता सुमारे ९० टीएमसी भरली आणि पुढील पाहणीत सुमारे ८० टीएमसी. या धरणात येणारी माती मराठवाड्याची आहे. आमच्या इसापूरच्या जलाशयाची उपयुक्त क्षमता साडेनऊशे दशलक्ष घनमीटरांच्या आसपास सांगितली जाते. यवतमाळ, हिंगोली व नांदेड या तीन जिल्ह्यांचे सिंचन त्यावर अवलंबून आहे. साठा आटू लागला की प्रथम कोणाचे पाणी तुटते? कालव्याच्या तोंडाशी असलेल्या बागायतदाराचे नव्हे. ते तुटते शेपटीकडच्या लहान शेतकऱ्याचे. वरच्या गरिबाची माती खालच्या गरिबाचे पाणी तोडते, आणि दोघांनाही ते कळत नाही.

धरणाच्या खाली उलट प्रकार घडतो. गाळ टाकून हलके झालेले पाणी पुढे सुटते तेव्हा ते आपल्या शक्तीने पात्र खोदू लागते. वर्षभर रेतीघाटांवरून रेती उपसली जातेच. वरून येणारी रेती धरणात अडलेली असते. मग नदी आपली तूट काठाच्या जमिनीतून भरून काढते. पावसाळ्याच्या मध्यावर धरण भरले आणि दारे एकदम उघडावी लागली की सोडलेल्या पाण्यात कयाधूसारख्या उपनद्यांचा लोंढा मिसळतो आणि काठाची पोयट्याची शेते कोसळतात. काही शेतांत रेतीचा थर पसरतो, काही शेते नदीत जातात. २२ जुलै २०२३ रोजी शेजारच्या महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्यावर पाण्याने वेढलेल्या माणसांच्या सुटकेसाठी वायुदलाची हेलिकॉप्टरे पाठवावी लागली. माणसे वाचविण्याची ही तत्परता योग्यच होती. परंतु माणसे ज्या जमिनीवर जगतात ती वाचविण्यासाठी तितकीच तत्परता कोणत्या खात्याकडे आहे?

आणि सर्वांत खाली, समुद्रकाठी, याच मातीचा दुष्काळ आहे. आंध्र विद्यापीठातील संशोधकांनी २००४ साली दाखवून दिले की १९७१ ते १९७९ या काळात गोदावरी वर्षाला सरासरी सुमारे १५ कोटी टन गाळ खाली नेत असे. १९९० ते १९९८ या काळात तो ५ कोटी ७२ लाख टनांवर आला. त्रिभुज प्रदेशाची भूमी गाळावर उभी असते. गाळ तुटला तसा समुद्र आत आला, आणि १९७६ नंतरच्या पंचवीस वर्षांत किनाऱ्याची सुमारे १८ चौरस किलोमीटर जमीन निव्वळ घटली. वरच्या शेतकऱ्याची माती जाते, मधल्या धरणाचा साठा जातो आणि खालच्या कोळ्याचा किनारा जातो. एका खोऱ्यातील ही तीन नुकसाने एकाच साखळीचे दुवे आहेत. शासनाच्या तीन खात्यांत ती तीन निरनिराळ्या फायली आहेत.

नदीच्या गाळाकडे दुर्लक्ष केल्याची शिक्षा इतर देशांनीही भोगली आहे. चीनमध्ये पीत नदीवरील सान्मेनशिया धरणात १९६० साली पाणी अडविले गेले आणि अवघ्या काही वर्षांत गाळाने ते इतके भरू लागले की धरणास तळाशी नवे बोगदे व दारे पाडावी लागली, आणि पुराचे गढूळ पाणी अडवायचे नाही, उत्तरार्धातील निवळ पाणी अडवायचे, अशी रीत स्वीकारावी लागली. गाळाचा विचार प्रथम न केल्यास तो शेवटी, दसपट खर्चाने, करावा लागतो असा याचा धडा आहे. पैनगंगेवर आणखी खालच्या भागात निम्न पैनगंगा प्रकल्पाचा घाट घातलेला आहे आणि बुडीत क्षेत्रातील गावांचा त्याला वर्षानुवर्षे विरोध आहे. विस्थापनाचा प्रश्न त्या वादात अग्रभागी आहे आणि तो असलाच पाहिजे. परंतु ज्यासाठी गावे उठवायची ते धरण महापुरांच्या गाळाखाली किती वर्षे टिकेल, हाही प्रश्न त्या गावांनी विचारण्याचा हक्क राखून ठेवला पाहिजे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की पुराचा गाळ सुपीक असतो. ज्याच्या शेतात तो बसतो त्याचे भलेच होते. हे अंशतः खरे आहे. संथ पसरलेल्या पुराचा पोयटा जमिनीस नवे बळ देतो आणि नदीकाठची गावे शतकानुशतके त्यावर जगली. पण वेगाने येणारा महापूर पोयटा पुढे नेतो आणि रेती-गोटे मागे टाकतो. शिवाय ज्याचे गेले आणि ज्याला मिळाले ते दोघे एक नसतात. उताराची हलकी वावरे कसणारे बहुधा बंजारा, आंध आणि इतर गरीब समाजांतील असतात. सपाटीवरील काळी कोणाकडे आहे हे गावात सर्वांस ठाऊक असते. दुसरा आक्षेप असा की अतिवृष्टी निसर्गाच्या हातची आहे. हवामान बदलत आहे. त्यास सरकार काय करणार? पाऊस सरकारच्या हाती नाही हे मान्य. परंतु पाऊस पडल्यावर पाणी चालत जाईल की धावत सुटेल हे डोंगरावरील झाडोरा, उताराला आडवी पेरणी, बांधबंदिस्ती आणि नाल्यांचे उपचार ठरवितात. हे सारे मानवी श्रमाचे आणि म्हणून धोरणाचे विषय आहेत. पाऊस जितका उग्र होईल तितकी या कामांची निकड वाढते. ती कमी होत नाही.

ही दृष्टी आम्हास नवी नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ सिद्ध केला तेव्हा त्यांनी सरकारकडे मागणी केली होती की लष्करातील व पोलिसांतील रिकाम्या हातांकडून ठिकठिकाणी ताली-बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पावसाचे पाणी शेतांत मुरून मग नदीनाल्यांस मिळेल. आणि नदी-तलावांत साचलेला गाळ शेतकऱ्यांस पूर्वीप्रमाणे फुकट नेऊ द्यावा. माती कोठून जाते, कोठे साचते आणि तिच्यावर हक्क कोणाचा, ही तिन्ही सूत्रे त्या मागणीत आहेत. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर लक्षावधी मजुरांनी बांध घातले, नाले अडविले. १९७७ साली तिला कायद्याचे बळ मिळाले. याच पुसद भागातून आलेले सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री असताना जलसंधारणाचे स्वतंत्र खाते उभे राहिले. पुढे मात्र माथ्यापासून पायथ्याकडे येण्याची शास्त्रीय रीत मागे पडली आणि ज्या कामात यंत्र चालते व बिल लवकर निघते ते काम पुढे आले. डोंगरावरील समतल चर आणि गवताचा बांध यांचे उद्घाटन करावयास कोणी येत नाही. नाला खोल करण्याच्या यंत्रापुढे नारळ फुटतो.

शासनाची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ साली सुरू झाली आणि २०२३ साली नव्याने चालू करण्यात आली. धरणातील गाळ शेतात परत नेण्याची कल्पना मुळात योग्य आहे. लहान शेतकऱ्यांस घनमीटरला ३५ रुपये ७५ पैसे, एकरी १५,००० रुपयांच्या मर्यादेत व अडीच एकरांपर्यंत अनुदान द्यावे असे २०२३ मध्ये ठरले. आता याच सरकारी दराने हिशेब करा. एका पुरात पाच सेंटिमीटर थर गेलेल्या हेक्टरमागे तेवढीच माती परत आणण्यास १७,८७५ रुपये लागतील. कोरडवाहू पिकाच्या नुकसानीस दिलेल्या मदतीच्या दुपटीहून अधिक. म्हणजे मातीची किंमत सरकारला ठाऊक आहे. पंचनामा करताना ती विसरली जाते. आणि डोंगर उघडा ठेवून तलाव उपसणे म्हणजे छप्पर गळत असता घरातील पाणी वाटीने काढीत बसणे होय.

तेव्हा आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पहिली, पंचनाम्यात पिकाबरोबर मातीचा स्वतंत्र रकाना असावा. किती क्षेत्रावरून किती जाडीचा थर गेला वा किती रेती बसली याची नोंद व्हावी आणि तिच्या भरपाईचा दर माती परत आणण्याच्या खर्चाशी निगडित असावा. दुसरी, ही भरपाई प्रत्यक्ष कसणाऱ्यास, मग तो मक्तेदार असो वा बटईदार, ग्रामसभेच्या साक्षीने मिळावी. तिसरी, इसापूरसारख्या प्रत्येक मोठ्या जलाशयाची गाळाची पाहणी ठराविक मुदतीने व मोठ्या पुरानंतर अवश्य व्हावी आणि तिचे निष्कर्ष, तसेच केंद्रीय जल आयोगाच्या नदीवरील मोजणीचे आकडे, लाभक्षेत्रातील ग्रामपंचायतींस मराठीत कळवावेत. चौथी, धरणाच्या खर्चाचा एक निश्चित हिस्सा त्याच्या पाणलोटातील डोंगर-उतारांच्या उपचारांवर खर्च करणे बंधनकारक व्हावे, आणि हे काम ठेकेदाराच्या यंत्राने नव्हे तर स्थानिक मजुरांच्या हातांनी, उन्हाळ्यातच, पहिल्या पावसाआधी पुरे व्हावे. पाचवी, रेतीघाटांवरील उपशाची मर्यादा नदी दर पावसाळ्यात किती रेती आणते यावर ठरावी आणि तिच्यावर ग्रामसभेचे नियंत्रण असावे.

या मागण्या विधानसभेत कोणी मांडील याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. ढाणकी परिसरातील आणि पैनगंगेच्या दोन्ही काठांवरील कार्यकर्त्यांस येत्या जूनपूर्वी करता येईल असे काम आहे. गावोगावच्या पाच-दहा उताराच्या वावरांत जमिनीच्या पातळीवर खूण केलेले लोखंडी गज रोवावेत. प्रत्येक मोठ्या पावसानंतर खूण किती उघडी पडली वा किती बुडाली हे वहीत लिहावे. पावसाची वेळ आणि जोर यांची नोंद ठेवावी. बटईदारांची यादी ग्रामसभेत वाचून ठरावात घालावी. शाळेतील मुले आणि शिक्षक या कामात आनंदाने सहभागी होतील. एका पावसाळ्याच्या अखेरीस अशी शंभर गावांची वही हाती असली, तर पंचनाम्यास येणाऱ्या अधिकाऱ्यास आमची माती गेली एवढेच सांगावे लागणार नाही. किती गेली, केव्हा गेली आणि कोणाची गेली हे दाखविता येईल. ती वही जिल्हाधिकाऱ्यांच्या मेजावर ठेवण्यापासून या लढ्याचा आरंभ व्हावा.